ॲपलच्या दारातली काउंटी पैसे का मागते?

कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनो-सनीव्हेलच्या मराठी घरांत जेवणं आटोपली की गप्पा करांवर येतात, आणि कोणीतरी ते वाक्य टाकतंच: "आपली सांता क्लारा काउंटी. ॲपल इथं, गूगल इथं. हिनं पैशांसाठी सॅक्रामेंटो नि वॉशिंग्टनला माणसं कशाला पाठवायची?" पगारपत्रकातली प्रत्येक वजावट तपासणारी माणसं हे बोलतात, म्हणून जास्त त्रास होतो.

कारण उत्तर त्याच पगारपत्रकात आहे. आयकराच्या ओळी दोनच, फेडरल आणि राज्याची. काउंटीची ओळ शोधून सापडणार नाही. ॲपलच्या नफ्यावरचा करही त्या दोघांकडेच जातो. काउंटीचा हक्काचा मोठा आधार म्हणजे मालमत्ता कर, आणि तो १९७८ च्या प्रपोझिशन १३ नं बांधलेला: मूळ दर मूल्याच्या एक टक्का, आणि घर विकलं जाईपर्यंत करासाठीचं मूल्य वर्षाला फार तर दोन टक्क्यांनी वाढणार, मग बाजारभाव कुठंही जावो. बरं, जमलेली रक्कम शाळा, शहरं आणि काउंटीत कशी वाटायची हेही राज्याचा कायदा ठरवतो. १९९२ मध्ये राज्याची तिजोरी आटली, तेव्हा विधिमंडळानं शहरांच्या आणि काउंट्यांच्या वाट्यातला पैसा शाळांकडे वळवला. विधिमंडळात काउंटीला मत नसतं. सॅक्रामेंटोत जाऊन तिथं आपली बाजू मांडणं, एवढंच तिच्या हाती.

आणि कामं? मेडि-कॅल (मेडिकेड या आरोग्ययोजनेचं इथलं रूप) आणि कॅलफ्रेश (अन्नसाहाय्य) यांचे अर्ज काउंटीचे कर्मचारी तपासतात. ज्याला कुणाचाच आधार नाही अशा गरिबाची जबाबदारी वेल्फेअर अँड इन्स्टिट्यूशन्स कोडच्या कलम १७००० नं काउंटीवर टाकली आहे. २०११ च्या एबी १०९ कायद्यानंतर कमी गंभीर गुन्ह्यांतले अनेक कैदी राज्याच्या तुरुंगाऐवजी काउंटीच्या तुरुंगात राहतात. सांता क्लारा काउंटी चार रुग्णालयं चालवते. कामं दुसऱ्यानं नेमून दिलेली, पैशाच्या नाड्याही दुसऱ्याच्याच हाती; मग मागणी तिथं न्यायची नाही तर कुठं?

"करदात्याच्या पैशातून लॉबिंग बेकायदा आहे," हेही ऐकतो. नाही. गव्हर्नमेंट कोडचं कलम ५००२३ स्थानिक संस्थांना विधिमंडळापुढे आणि काँग्रेसपुढे प्रतिनिधी पाठवायची स्पष्ट मुभा देतं. मनाई आहे ती सरकारी पैशानं निवडणूक प्रचार करायला; स्टॅन्सन विरुद्ध मॉट खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७६ मध्येच ते सांगितलंय.

काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा नव्हे: तिथं सरकारनं नेमलेला कलेक्टर नसतो, कारभारी सुपरवायझर लोकांनी निवडून दिलेले असतात. बाजू मांडायला काउंट्या संघटनाही करतात. मग सगळ्या ५८ काउंट्यांची एक संघटना असताना शहरी काउंट्यांची वेगळी कशाला? कारण गरजा सारख्या नाहीत: अल्पाइन काउंटीत जेमतेम हजार-बाराशे माणसं, लॉस एंजेलिसमध्ये कोटीच्या घरात. ग्रामीण काउंट्यांचीही स्वतंत्र संघटना आहेच.

त्यात वरून येणारा पैसाही आटतोय: जुलै २०२५ च्या फेडरल कायद्यानं अन्नसाहाय्य योजनेच्या प्रशासकीय खर्चातला केंद्राचा वाटा ऑक्टोबर २०२६ पासून ५० वरून २५ टक्क्यांवर आणला. मेडिकेडलाही मोठी कात्री लागली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सांता क्लाराच्या मतदारांनी मेझर ए मंजूर करून पाच वर्षांसाठी विक्रीकर ०.६२५ टक्क्यांनी वाढवून घेतला. पण स्थानिक विक्रीकर किती वाढवता येईल याची मर्यादासुद्धा राज्याच्याच कायद्यात आहे. ती बदलून हवी असेल, तर पुन्हा सॅक्रामेंटोच गाठावं लागतं.