सोड आणि सोडव

आमच्या घरी दिवेलागण झाली, की जेवणाआधी प्रार्थना होई. सतरंजीवर आई, वडील, दादा आणि मी असे चौघे बसत असू. वडील शुभवर्तमानातला एखादा उतारा वाचीत, आई आपल्या साध्या शब्दांत देवाशी बोले, आणि शेवटी आम्ही सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणत असू. आईच्या मागण्या काही मोठ्या नव्हत्या. विहिरीचे पाणी टिकू दे, दादाचा ताप उतरू दे, वाण्याची उधारी फिटू दे. शेजारच्या काकूही आपल्या देवघरात याहून फारसे निराळे मागत नसाव्यात. मात्र आईच्या मागणीचा शेवट ठरलेला असे : 'यातून सोडव, प्रभू.'

पुढे मी मराठी शिकवू लागलो आणि या शब्दाकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो. आपण गणित सोडवतो, दोऱ्याचा गुंता सोडवतो, सावकाराकडचे गहाण सोडवतो. मराठी बायबलात प्रभूच्या प्रार्थनेची शेवटची मागणी याच क्रियापदाने केलेली आहे. मागायचे ते वाइटापासून सोडवणे. मिसर देशाच्या दास्यातून सुटलेल्या इस्राएल लोकांची आठवण अशा मागणीमागे उभी असते. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली आणि विधवा आणल्या, केडगावला त्यांना आसरा दिला, आणि त्या घराचे नाव ठेवले 'मुक्ती'. बाई प्रार्थना करीत, पण प्रार्थना करून स्वस्थ बसत नसत.

प्रत्येक वेळी सुटका होतेच असे मात्र नाही. वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात आम्ही रात्र रात्र प्रार्थना केली. वडील गेले. मी आईवरच चिडलो. ती एवढेच म्हणाली, "अरे, गेथशेमाने बागेत प्रभूनेही दुःखाचा प्याला टळावा म्हणून मागितलेच होते. तो कुठे टळला?"

त्यानंतरची गोष्ट सांगायला मला संकोच वाटतो. त्याच दुखण्याच्या दिवसांत दादाने माझ्याकडून सत्तर हजार रुपये उसने घेतले होते, आपल्या दुकानासाठी. दुकान बसले. पैसे परत आले नाहीत, आणि दादाची पत्रेही बंद झाली. मी दोन वर्षे गावी गेलो नाही. रोज रात्री मात्र प्रार्थना करी : मुलाच्या फीच्या काळजीतून सोडव, या निद्रानाशातून सोडव.

आई तेव्हा माझ्याकडे राहायला आली होती. एका संध्याकाळी आम्ही प्रभूची प्रार्थना म्हणत असताना ती मध्येच थांबली. म्हणाली, "सोडव म्हणण्याच्या आधी काय म्हणायचे असते, ते जरा सावकाश म्हण बघू."

मी म्हणू लागलो आणि अडखळलो. मत्तयाच्या शुभवर्तमानात तिथे ऋणाचा शब्द आहे. आम्ही आमच्या ऋणकोंना ऋण सोडले आहे, तसे तू आमचे सोड, असा त्या मागणीचा आशय. लूकने तिथे पापांची क्षमा मागितली आहे. मत्तयाने मात्र व्यवहारातला शब्द ठेवला आहे. आधी 'सोड', मग 'सोडव'. एकाच धातूची ही दोन रूपे वर्गात मी किती वेळा फळ्यावर लिहिली असतील! शिवाय प्रार्थनेत 'मला' कुठेच नाही, 'आम्हांस' आहे. त्या अनेकवचनातून दादाला मी कसा वगळणार होतो?

आई म्हणाली, "तू धरून बसला आहेस, ते आधी सोड. देव सोडवील ते मग बघू."

सत्तर हजार रुपये मास्तराच्या घरात थोडे नसतात. पत्नीशी बोललो. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "जाऊन या." पुढच्या रविवारी आईला घेऊन एस.टी.ने गावी गेलो. दादा दारातच उभा होता. मी पैशांचे सांगितले, तेव्हा तो काहीच बोलला नाही. आत जाऊन चहाचे आधण ठेवू लागला. त्याचे हात थरथरत होते.

मुलाच्या फीची ओढाताण पुढेही चालूच राहिली. पण त्या संध्याकाळी दादाने जुनी सतरंजी अंथरली, आणि वडिलांची जागा मोकळी ठेवून आम्ही तिघे प्रार्थनेला बसलो. 'सोडव' म्हणताना या वेळी मी अडखळलो नाही.