स्पॅनिशचा ‘केदार’ आणि आपले ‘राहणे’

आपल्या घरातील एखादे मूल स्पॅनिश शिकू लागले की पहिली अडचण पुस्तकाची येते. पुस्तक बहुधा इंग्रजीतून असते. मूल मराठीत विचार करते, त्याचे इंग्रजी करते आणि त्या इंग्रजीचे स्पॅनिश. इंग्रजी कच्चे असेल तर ‘आपल्याला स्पॅनिशही जमणार नाही’ म्हणून ते वही मिटून ठेवते. आम्हास हे मुळीच पटत नाही. निदान एका क्रियापदापुरता तरी मधला इंग्रजीचा पूल काढून टाकावा व मराठीतून सरळ पलीकडे जावे. ते क्रियापद म्हणजे ‘केदार’.

उच्चार आपल्याकडच्या मुलाच्या नावासारखाच. फक्त ‘द’ मऊ, जीभ दातांना जेमतेम लावून. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ शांत करणे, विसावणे. त्यातूनच राहणे, उरणे हे अर्थ आले. ‘केदा’ म्हणजे राहतो, राहते. ‘केदान’ म्हणजे राहतात. आधी ही दोनच रूपे पाठ करावीत.

महिनाअखेरीस घरोघरी निघणारे वाक्य घ्या: माझ्याकडे दोन नोटा राहिल्या. स्पॅनिशमध्ये ‘मे केदान दोस बियेतेस’. ‘मे’ म्हणजे मला, माझ्याकडे. नोटा दोन म्हणून ‘केदान’. एकच असती तर ‘मे केदा उन बियेते’. आपण नाही का ‘राहिली’चे ‘राहिल्या’ करत? इंग्रजीत या वाक्याचा कर्ता ‘मी’ होतो. त्या वाटेने येणारे मूल क्रियापदाला ‘मी’चे रूप लावते आणि चुकते. मराठीवरून येणारे चुकत नाही. दुकानात ‘नो केदा पान’ ऐकले तर विड्याचे पान शोधू नये. तिकडे पान म्हणजे पाव, आणि तो संपला आहे!

बूट घालून पाहताना तीच तऱ्हा. ‘लोस सापातोस मे केदान ग्रांदेस’: बूट मला मोठे होतात. (सापातोसवरून आपल्या जुन्या सपाता आठवाव्यात.) कपडा अंगावर शोभला तर ‘ते केदा बिएन’, तुला छान दिसतो. काम अर्धे पडले असेल तर ‘केदा मुचो पोर आसेर’, पुष्कळ करायचे राहिले आहे. शब्दाला शब्द लावून पाहा.

याला ‘से’ जोडले की ‘केदार्से’. ‘मे केदो एन कासा’ म्हणजे मी घरीच राहतो. ‘से केदो मिरांदो’ म्हणजे तो बघतच राहिला. येथे जोर सांभाळावा. ‘के’वर जोर दिला तर ‘मी राहतो’, ‘दो’वर दिला तर ‘तो राहिला’. काम सुटून बेकार होणे म्हणजे ‘केदार्से सिन त्राबाखो’, कामावाचून राहणे. बाईला दिवस राहिले तर ‘से केदो एम्बारासादा’. आपण ‘गरोदर राहिली’ म्हणतो, तिकडेही तसेच. इंग्रजीवरून जाणारा मात्र हमखास फसतो आणि ‘एम्बारासादा’चा अर्थ ‘ओशाळलेली’ असा लावतो.

आता मराठी माणसाने कोठे सावध राहावे तेही सांगतो. ‘तुम्ही कुठे राहता?’ हे विचारताना ‘केदार’ चालत नाही. तेथे ‘बिबिर’, म्हणजे जगणे, हे क्रियापद लागते: ‘दोंदे बिबेस?’ ‘दोंदे ते केदास?’ विचारले तर पाहुणा म्हणून कोणाकडे उतरता, असा अर्थ होतो. स्टेशन, दवाखाना, गाव कोठे आहे हे मात्र ‘दोंदे केदा?’ म्हणून खुशाल विचारावे. जे जागचे हलत नाही त्यालाच हे लागू, माणसाला नाही. ‘चालत राहा’ म्हणायचे तर ‘सेगिर’ हे निराळेच क्रियापद. आंधळा होणे, विधवा होणे यांना स्पॅनिश ‘केदार्से’ वापरते, तेथे आपले ‘राहणे’ उपयोगी पडत नाही. हे पाठच करावे.

भेट ठरवण्याचा अर्थ आपल्या ‘राहणे’त फारसा नाही, पण स्पेनमध्ये तो रोजचा आहे. ‘केदामोस आ लास सिएते’, सातला भेटायचे ठरले. मेक्सिकोत ‘केदामोस दे बेर्नोस’ म्हणतात. बोलून बोलून घोळ झाला आणि शेवटी ठरले काय हेच कळेना, तर दोन्हीकडे एकच प्रश्न विचारतात: ‘एन के केदामोस?’