साडेशहाण्णव तासांचा आठवडा

स्पेस शटल अजून कागदावरच होतं, तेव्हा त्याच्याविषयी एक आकडा मोठ्या हौसेने सांगितला जायचा: १६० तास. यान अवकाशातून परतून धावपट्टीवर उतरलं, की कामाच्या १६० तासांत, म्हणजे दोन पाळ्या लावून दोन आठवड्यांत, ते पुन्हा उड्डाणाला सज्ज होणार होतं. वर्षाला पन्नासच्या आसपास उड्डाणांची स्वप्नं याच हिशेबावर उभी होती.

मार्च १९७९ मध्ये पहिलं यान, कोलंबिया, बोइंग ७४७ च्या पाठीवर बसून फ्लोरिडातल्या केनेडी अवकाश केंद्रात दाखल झालं. तिथल्या तयारीच्या शेडमध्ये ते ६१० दिवस मुक्कामाला होतं. त्यानंतर जोडणीच्या अवाढव्य इमारतीत ३५ दिवस आणि प्रक्षेपणमंचावर उभं १०५ दिवस. एकूण ७५० दिवस. १२ एप्रिल १९८१ रोजी ते उडालं.

हे दिवस कशात गेले? शटलच्या एका यानात पंचवीस लाखांहून जास्त सुटे भाग आणि जवळपास ३७० किलोमीटर लांबीच्या तारा होत्या. पण कोलंबियाचा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो टाइल्सनी. परतीच्या वाटेवर समोरची हवा प्रचंड दाबली जाऊन यानाचं पोट हजार अंशांच्या वर तापतं आणि यानाचा सांगाडा तर अ‍ॅल्युमिनियमचा. तो वितळू नये म्हणून सिलिकाच्या तंतूंपासून बनवलेल्या तीस हजारांवर टाइल्स यानाला चिकटवल्या होत्या. टाइलचा नव्वद टक्के भाग नुसती पोकळी. आकार जवळजवळ प्रत्येकीचा वेगळा, म्हणून प्रत्येकीला स्वतःचा क्रमांक आणि यानावरची ठरलेली जागा. आधी टाइलखाली फेल्टचा थर चिकटवायचा, मग तो थर यानाच्या पत्र्याला. त्यावर दाब देऊन गोंद वाळेपर्यंत थांबायचं. मग निर्वात पंपाने ती टाइल ओढून पाहायची. निघाली तर पहिल्यापासून सुरुवात. चाचण्यांमध्ये असं लक्षात आलं की बसवलेल्या कितीतरी टाइल्सची पकड पुरेशी नाही. त्या उपटल्या, त्यांची मागची बाजू घट्ट केली आणि पुन्हा चिकटवल्या. एका कामगाराच्या हातून आठवड्याला सरासरी दोन टाइल्सही पुऱ्या होत नव्हत्या.

हा वेग पहिल्यांदा वाचला तेव्हा मला खरा वाटेना, म्हणून गणित मांडून पाहिलं. आठवड्याला पुऱ्या दोन धरल्या, तरी तीस हजार टाइल्सना पंधरा हजार आठवडे लागतात, म्हणजे २८८ वर्षं. एकट्या माणसाला हे काम १९८१ मध्ये संपवायचं असतं, तर त्याला १६९३ मध्ये, राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात असताना, पहिली टाइल हातात घ्यावी लागली असती. केनेडीत ही २८८ वर्षं दोन वर्षांत बसवली गेली, कारण तीन-तीन पाळ्यांत, आठवड्याचे सहा दिवस माणसं राबत होती. त्यांत नुकती शिक्षण संपवून आलेली पोरंही होती.

या टाइल्सबद्दल पुढे १९९० मध्ये एलिझाबेथ पाटे-कॉर्नेल आणि पॉल फिशबेक या दोघांनी नासासाठी एक अभ्यास केला. कुठली टाइल पडली तर यान धोक्यात येईल, याचं त्यांनी गणित केलं आणि निघालं असं, की सुमारे ८५ टक्के धोका अवघ्या १५ टक्के टाइल्सवर एकवटलेला आहे. माझ्या मते त्या अहवालातला खरा ऐवज मात्र दुसराच आहे. ते दोघे टाइल बसवणाऱ्यांच्या पगाराकडेही वळले. केनेडीतल्या तंत्रज्ञांमध्ये हे लोक कमी पगारवाल्यांत मोडायचे. हात बसला की जास्त पैशांच्या दुसऱ्या कामावर निघून जायचे आणि त्यांच्या जागी पुन्हा नवखे यायचे. वेळेचा तगादा तर कायमचाच. गोंद लवकर वाळावा म्हणून त्यात थुंकी मिसळल्याचंही उघडकीला आलं होतं. ओलाव्याने तो गोंद झटपट घट्ट होतो, पण पकड टिकाऊ राहत नाही. अब्जावधी डॉलरचं यान आणि आतली सात माणसं ज्या चिकटपणावर विसंबून होती, तो अशा हातांत होता ज्यांना काम उरकण्याची घाई लावलेली होती. मी त्या कामगाराला दोष देऊ शकत नाही.

पहिल्या उड्डाणाच्या आधीच या तयारीने बळी घेतले होते. १९ मार्च १९८१ रोजी उलटगणतीची रंगीत तालीम संपली आणि काही तंत्रज्ञ कोलंबियाच्या मागच्या, इंजिनांच्या कप्प्यात शिरले. आग लागू नये म्हणून तिथली हवा काढून शुद्ध नायट्रोजन भरलेला होता. त्याला ना रंग, ना वास. आत जायला हरकत नाही असा निरोप मिळालेला असल्याने ते बेधडक आत गेले आणि कोसळले. एकाचा त्याच दिवशी मृत्यू झाला, दुसऱ्याचा काही दिवसांनी. तिसरा अनेक वर्षं त्याचे परिणाम भोगून गेला. या दुर्घटनेनंतर २४ व्या दिवशी यान उडालं आणि जगाने टाळ्या वाजवल्या.

१९८५ मध्ये शटलची नऊ उड्डाणं झाली. एका वर्षातला हाच उच्चांक शेवटपर्यंत राहिला. १९८६ साठी मात्र पंधरा ठरवली होती आणि १९९० पर्यंत वर्षाला चोवीस गाठायची होती. सुटे भाग पुरत नव्हते, म्हणून एका यानाचे काढून दुसऱ्याला लावायचे. चॅलेंजर या यानाच्या शेवटच्या उड्डाणासाठी जे सुमारे ३०० भाग लागले, त्यांतले ४५ दुसऱ्या यानांमधून काढलेले होते. यानाचे भाग असे उसने घेता येतात, माणसाची झोप उसनी घेता येत नाही.

६ जानेवारी १९८६. कोलंबियात सात जण पट्टे बांधून बसले होते. पुढे नासाचे प्रमुख झालेले दोघे, चार्ल्स बोल्डेन आणि बिल नेल्सन, त्यांतच होते. एक झडप नीट बंद झाल्याचा संदेश संगणकाला मिळेना. ऑपरेटरांनी त्याचा अर्थ चुकीचा लावला, क्रम पुढे चालू केला आणि मोठ्या टाकीतला द्रवरूप ऑक्सिजन बाहेर वाहू लागला. थोडाथोडका नाही, सुमारे ८,२०० किलो गेला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीतलं तापमान मर्यादेबाहेर गेलेलं दिसलं, म्हणून ३१ सेकंद उरले असताना उलटगणती थांबली. यान तसंच उडालं असतं, तर ठरलेल्या कक्षेत पोचण्याची खात्री नव्हती. चौकशीत एक मोठं कारण सापडलं ते थकव्याचं: बारा तासांच्या रात्रपाळीचा सलग तिसरा दिवस आणि त्या पाळीतला अकरावा तास.

कोलंबिया १२ जानेवारीला उडालं आणि तीच यंत्रणा लगोलग चॅलेंजरमागे लागली. चॅलेंजरच्या दुर्घटनेनंतर तिची चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगाने हजेरीपत्रकं तपासली. यांत्रिकी तंत्रज्ञांच्या एका टोळीप्रमुखाचे जानेवारीतले चार आठवडे तिथे नोंदलेले आहेत: ६०, ९६.५, ९४ आणि ८१ तास. आठवड्यात एकूण तासच १६८ असतात. साडेशहाण्णव म्हणजे एकही सुट्टी न घेता रोज पावणेचौदा तास. त्यात जाण्यायेण्याचा वेळ नाही, जेवण नाही, घरची माणसं नाहीत. चार आठवड्यांची बेरीज ३३१.५ तास भरते. अख्खं यान पुन्हा सज्ज करायला जे १६० तास पुरतील असं एकेकाळी सांगितलं गेलं होतं, त्याच्या दुपटीहून जास्त काम एकट्या माणसाने एका महिन्यात केलं होतं.

२७ जानेवारीला अंतराळवीर चॅलेंजरमध्ये बसले, पण दरवाज्याला लावलेली तात्पुरती मूठ निघेना. तिचा बोल्ट अडकला होता. ड्रिल मागवलं, तर त्याची बॅटरी उतरलेली. शेवटी करवतीने कापाकापी करेपर्यंत वारं वाढलं आणि उड्डाण दुसऱ्या दिवसावर गेलं. त्या रात्री थंडीत बूस्टर रॉकेटच्या सांध्यांतल्या रबरी रिंगा टिकतील का, यावर फोनवरून तासन्‌तास वाद झाला. निर्णय घेणाऱ्यांपैकी काही वरिष्ठ आदल्या रात्री जेमतेम झोपलेले होते. सकाळी ११ वाजून ३८ मिनिटांनी यान उडालं. ७३ सेकंदांनी ते हवेतच तुटलं.

यानंतर वेळापत्रक सैल झालं, पण कायमचं नाही. १९९३ मध्ये शटलच्या कामावर सुमारे तीस हजार माणसं होती, २००२ मध्ये साडेसतरा हजारांच्या आसपास उरली. अंतराळस्थानकाचा एक भाग १९ फेब्रुवारी २००४ ला पाठवायचाच, असं वरून बजावण्यात आलं होतं. त्या तारखेला किती वेळ उरला हे सेकंदासेकंदाने दाखवणारा स्क्रीनसेव्हर व्यवस्थापकांच्या संगणकांवर धाडला होता. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया कल्पना चावलासह सात जणांना घेऊन तुटलं. यावेळी टाइल्सचा दोष नव्हता, पंखाच्या कडेचं कार्बनी कवच फुटलं होतं. पण चौकशी मंडळाने त्या तारखेच्या दडपणाचीही नोंद घेतली.

जून २००७ मध्ये केनेडीतले सुमारे ५७० यंत्रकामगार करारावरून संपावर गेले. तो संप नोव्हेंबरपर्यंत चालला आणि त्या काळातही यानं उडतच राहिली. तीस वर्षांत शटलची उड्डाणं झाली १३५, म्हणजे वर्षाला साडेचार.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये, चंद्राला वळसा घालून चौघांना परत आणणारी ओरायन कुपी केनेडीतल्या त्याच जोडणीच्या इमारतीत रॉकेटवर चढवली गेली. अमेरिकी सरकारचं कामकाज तेव्हा निधीअभावी ठप्प होतं, ते ४३ दिवस तसंच राहिलं. माणसांच्या सुरक्षिततेचं काम म्हणून आर्टेमिस या चांद्रमोहिमेच्या सरकारी कर्मचाऱ्यांना हजर राहावं लागलं. पगार सरकार पुन्हा सुरू झाल्यावर मिळणार होता.