जमिनीखालचा आराखडा आणि खाली उतरणारा माणूस

एखाद्या मोठ्या संशोधनसंस्थेचा परिसर उभारायचा ठरला की चर्चा होते ती इमारतींची. प्रयोगशाळा किती मजली असावी, ग्रंथालयाचे तोंड कुठल्या दिशेला असावे, संचालकांच्या बंगल्यापुढे कुठली झाडे लावावीत, ह्यावर महिनोन्‌महिने बैठका होतात. जमिनीखाली काय जाणार हा विषय शेवटी येतो आणि तो एखाद्या कनिष्ठ अभियंत्याकडे सोपवून बैठक संपते. पंचवीस-एक वर्षांपूर्वी मी असा कनिष्ठ अभियंता होतो. एका संस्थेच्या परिसराचा जमिनीखालचा नकाशा माझ्या वाट्याला आला होता.

माझा बाप एका महापालिकेच्या ड्रेनेज खात्यात होता. आम्ही त्याला आबा म्हणायचो. एका रविवारी मी नकाशा घरी आणून जमिनीवर पसरला होता. आबा शेजारी येऊन बसला. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हते, पण रेघा कळत होत्या. त्याने एका रेघेवर बोट ठेवले आणि विचारले, "ही गोल गोल काय काढलीत रं?"

"चेंबर आहेत, आबा."

"किती?"

"दोनशे चाळीस."

"आन् उतरायचं कुणी?"

मी म्हणालो, संस्था ठेकेदार नेमील. आबा म्हणाला, "ठेकेदार उतरत न्हाई, बाळा."

एवढेच बोलून तो उठला. मला शाळेत, कॉलेजात, पदवीच्या चार वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मलवाहिनीला उतार किती द्यावा हे मला पाठ होते. पण त्या उताराच्या शेवटी कोण उभा असतो, हे माझ्याच घरात असून मला दिसले नव्हते. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे. जमिनीखालचा आराखडा ही नुसती तांत्रिक बाब नाही. माणूस गटारात उतरणार की नाही हे बरेचसे कागदावर, बांधकामाच्या दोन-तीन वर्षे आधी ठरते.

प्रथम जमिनीखाली काय काय असते ते पाहू. संशोधनसंस्था म्हणजे एक लहानसे शहरच असते. पिण्याच्या पाण्याची वाहिनी, आग विझवण्याच्या पाण्याची वेगळी वाहिनी, पावसाचे पाणी, सांडपाणी, विजेच्या केबली, टेलिफोनच्या आणि संगणकाच्या तारा, वातानुकूलनासाठी थंड पाणी नेणारे आणि परत आणणारे दोन जाड नळ, हे सर्व एकाच रस्त्याच्या पोटात बसवायचे असते. त्यात प्रयोगशाळांची भर पडते. दाबाची हवा, नायट्रोजन, अर्गॉन, रासायनिक सांडपाणी यांची व्यवस्था वेगळी लागते. किरणोत्सर्गी द्रव्ये वापरणारी प्रयोगशाळा असेल तर तिचे पाणी साठवून, किरणोत्सर्ग ओसरू देऊन, तपासूनच पुढे सोडावे लागते.

ह्यांच्या मांडणीला काही नियम आहेत. पिण्याच्या पाण्याची वाहिनी मलवाहिनीपासून आडवे सुमारे ३ मीटर दूर ठेवावी आणि जिथे ती ओलांडावी लागते तिथे वरून न्यावी. भारतीय मानकाप्रमाणे कमी दाबाची केबल किमान ०.७५ मीटर, ११ हजार व्होल्टची ०.९ मीटर आणि ३३ हजार व्होल्टची १.०५ मीटर खोल जाते. वीज आणि पाणी एकाच बाजूने न आणता कड्यासारखे फिरवून आणतात, म्हणजे एक बाजू तुटली तरी दुसरीकडून पुरवठा चालू राहतो. वाढीसाठी काही नळकांडी रिकामी पुरून ठेवतात.

पण ह्या सर्वांत एक वाहिनी हट्टी असते. पाणी दाबाखाली असते, ते चढते, वळते. केबल वाकते. सांडपाणी मात्र नुसत्या उताराने वाहते. मैला तळाशी बसू नये म्हणून त्याला सेकंदाला साधारण ०.६ मीटरचा वेग लागतो आणि तो वेग उतारातून मिळतो. म्हणून शहाणा अभियंता आधी मलवाहिनीची रेघ आखतो आणि बाकीच्यांना तिच्याभोवती जागा देतो. ती रेघ शेवटी आखली तर तिला केबलींच्या खालून, पाण्याच्या खालून, जिथे जागा उरली तिथून जावे लागते. म्हणजे ती खोल जाते. आणि खोली हाच तर आपला विषय आहे.

हिशेब सोपा आहे, शाळकरी मुलालाही करता येईल. समजा परिसर सपाट आहे, दीड किलोमीटर लांब आहे, आणि वाहिनीला २०० ला १ असा उतार आहे. १,५०० मीटरला साडेसात मीटर. सुरुवात १ मीटरवर केली तर शेवट साडेआठ मीटरवर होतो. जवळजवळ तीन मजले खाली! एकच शुद्धीकरण केंद्र परिसराच्या टोकाला बांधले की असे होते. त्याऐवजी परिसराचे पाचशे-पाचशे मीटरचे तीन भाग केले आणि प्रत्येक भागाच्या शेवटी लहान केंद्र किंवा उपसा पंप बसवला, तर वाहिनी साडेतीन मीटरच्या खाली जात नाही. पंपाला खर्च येतो, वीज लागते. हा खर्च अंदाजपत्रकात ठळक दिसतो. साडेआठ मीटर खाली उतरणाऱ्या माणसाची किंमत कुठल्याच रकान्यात नसते.

खोलीइतकेच महत्त्व चेंबरच्या तोंडाला आहे. लहान वाहिनीवर दर ३० मीटरला एक चेंबर हा आपल्याकडचा जुना प्रघात. हे अंतर साफसफाईच्या साधनांवर ठरते. बांबूच्या कामट्या घालून तुंबा काढायचा तर दोन्ही टोके जवळ हवीत आणि माणूस आत जाईल एवढे तोंड हवे. थोडक्यात, माणूस उतरणारच असे गृहीत धरून ते भोक काढलेले असते. इंग्रजीतले त्याचे नावच तसे आहे. हे गृहीत कुणी केव्हा ठरवले? ज्या समाजात खाली उतरायला एक जात कायमची उभी केलेली होती, त्या समाजातल्या अभियंत्याला ह्या गृहीताचा पुनर्विचार करण्याची गरजच पडली नाही. यंत्र महाग होते आणि माणूस स्वस्त होता. तो स्वस्त कोणी केला हे ह्या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको.

खाली काय असते तेही नीट समजून घेतले पाहिजे. मैला कुजून हायड्रोजन सल्फाइड होतो. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. आरंभी सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण दहा लाख भागांत शंभरच्या आसपास प्रमाण गेले की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. उतरणाऱ्याला वाटते, हवा सुधारली. पाचशेच्या पुढे माणूस काही मिनिटांत कोसळतो आणि प्राण जाऊ शकतो. हवेत प्राणवायू २१ टक्के असतो, तो साडेएकोणीसच्या खाली गेला की जागा धोक्याची समजतात. एक माणूस पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही पडतो. एकाच चेंबरमध्ये दोघे-तिघे गेल्याच्या बातम्या येतात त्या अशा.

संशोधनसंस्थेत ह्यात आणखी भर असते. एक लिटर द्रव नायट्रोजनपासून सुमारे ७०० लिटर वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गळती झालेला नायट्रोजन चरात भरला तर तिथला प्राणवायू हटतो आणि आत गेलेल्या माणसाला कसलीही सूचना मिळत नाही. आम्ल आणि सल्फाइडची द्रव्ये एका वाहिनीत आली की विषारी वायू होतो. सोडियम अझाइड नावाचे द्रव्य जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सर्रास वापरतात. ते बेसिनमध्ये ओतत राहिले तर तांब्याच्या वा शिशाच्या नळात स्फोटक क्षार साठतात. वर बेसिनमध्ये ओतणाऱ्याला काही होत नाही. पुढे कधीतरी तो नळ उघडणाऱ्या प्लंबरच्या हातात तो फुटू शकतो. वरच्याने ओतायचे आणि खालच्याने भोगायचे, ही रीत आपल्याला नवी नाही.

ह्यावर उपाय नाहीत असे मुळीच नाही. ते साधे आहेत. रासायनिक सांडपाणी प्रयोगशाळेच्या दारातच वेगळे करून उदासीन करावे. चेंबरचे तोंड एवढे लहान ठेवावे की माणूस आत जाऊच शकणार नाही, फक्त पाण्याच्या जोरदार फवाऱ्याची नळी आणि कॅमेरा जाईल. त्या यंत्राची गाडी प्रत्येक चेंबरपर्यंत पोचेल असा रस्ता नकाशातच आखावा, कारण गाडी पोचत नाही तिथे माणूस पोचवला जातो. उपसा पंप रुळांवर बसवावा, म्हणजे साखळीने तो वर ओढून दुरुस्त करता येतो. झडपेची दांडी वरपर्यंत आणावी. खानावळीचे तेल अडवणारी टाकी जमिनीलगत, झाकण उघडून वरून साफ करता येईल अशी करावी.

मोठे चालते भुयार बांधून सर्व वाहिन्या त्यात न्याव्यात, असाही एक मार्ग आहे. पॅरिसमध्ये १८५० नंतर बेलग्रां ह्या अभियंत्याने बांधलेल्या प्रशस्त गटारांतून पिण्याच्या पाण्याचे नळही नेले. लंडनमध्ये १८६१ साली गॅरिक स्ट्रीटखाली नळांसाठी स्वतंत्र भुयार झाले. आपल्याकडे गुजरातच्या गिफ्ट सिटीत असे भुयार आहे. रस्ता पुन्हा पुन्हा खोदावा लागत नाही हा त्याचा मोठा फायदा. पण भुयार महाग असते. त्याला वायुवीजन, उजेड, वायुमापक आणि बाहेर पडायच्या एकाहून अधिक वाटा हव्यात. जळणारा वायू त्यात नेऊ नये आणि मलवाहिनीही शक्यतो बाहेरच ठेवावी. म्हणून दाट वस्तीच्या मध्यभागी भुयार आणि इतरत्र झाकणांचे उथळ चर, ही वाटणी मला व्यवहार्य वाटते.

कधी कधी वाहिनीत काय वाहते तेच बदलता येते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१५ साली परिसरातली वाफेची जुनी व्यवस्था काढून गरम पाण्याची केली. सुमारे २० मैलांचे नळ नव्याने पुरले. हेतू ऊर्जा आणि पाणी वाचवण्याचा होता. पण फुटलेली वाफेची वाहिनी माणसाला भाजून काढते, तिथे कमी तापमानाचे पाणी आले की दुरुस्ती करणाऱ्याचाही धोका घटतो. मोज्या-हातमोज्यांची चर्चा करण्याआधी धोकाच काढून टाकता येतो का, हे विचारले पाहिजे.

आपला कायदा नेमका इथे अपुरा आहे. १९९३ चा कायदा मुख्यतः कोरड्या संडासांपुरता होता. २०१३ च्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईला बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. पण धोकादायक म्हणजे काय? तर संरक्षक साधने न देता करवून घेतलेली. म्हणजे साधने दिली की उतरवता येते! सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मृताच्या वारसांना १० लाख आणि २०२३ साली ३० लाख रुपये भरपाई ठरवली. हे निकाल मोलाचे आहेत, लढून मिळवलेले आहेत. तरीही भरपाई मरणानंतर येते आणि कायदा चेंबरच्या तोंडाशी येऊन उभा राहतो. आराखडा त्याच्या कितीतरी आधी मंजूर झालेला असतो. २०२३ च्या अर्थसंकल्पात 'मशीनहोल'ची भाषा आली. नाव बदलले म्हणून साडेआठ मीटरची खोली कमी होत नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ ह्या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. पाणी आणि वीज हे विषय त्यांच्याच खात्यात होते आणि नद्यांच्या, विजेच्या योजनांत त्यांनी बारकाईने लक्ष घातले. तांत्रिक विषय हा तज्ज्ञांचा म्हणून त्यांनी सोडून दिला नाही. आपणही सोडू नये.

कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी आपापल्या संस्थेत काही प्रश्न विचारावेत. संस्था सरकारी असेल तर २००५ च्या माहिती अधिकाराखाली लेखी विचारावेत. जमिनीखाली प्रत्यक्ष पुरलेल्या वाहिन्यांचा नकाशा आहे का? सर्वात खोल चेंबर किती मीटर? किती चेंबरमध्ये माणूस मावतो? यंत्राची गाडी कुठवर जाते? गेल्या वर्षी कोण, किती वेळा, कोणाच्या लेखी हुकमाने उतरला? ठेकेदाराच्या करारात काय लिहिले आहे? नवी इमारत होत असेल तर हे प्रश्न पायाभरणीच्या आधी विचारावेत. नंतर विचारले तर उत्तर ठरलेले असते, आता काय करणार.

मला हे उत्तर माहीत आहे, कारण ते मीच दिले आहे. आबाने विचारले त्यानंतरच्या सोमवारी मी कार्यालयात भीतभीत विषय काढला. वरिष्ठ म्हणाले, खर्च वाढेल, मुदत संपत आली आहे. मी गप्प बसलो. दोनशे चाळीस चेंबर जसे काढले होते तसेच बांधले गेले. त्या नकाशावर माझी सही आहे. पुढच्या कामांत मी तोंडे लहान केली, पंप रुळांवर घेतले, एका परिसराचे तीन भाग करून खोली निम्म्याहून कमी केली. प्रत्येक वेळी भांडावे लागले, प्रत्येक वेळी जिंकलो असेही नाही. पण पहिल्या नकाशातले ते दोनशे चाळीस गोल अजून जमिनीत आहेत. ते तुंबतात तेव्हा कोणीतरी झाकण उचलतो. तो कोण, हे त्या संस्थेतल्या एखाद्या विद्यार्थ्याने विचारावे, एवढ्यासाठी हे लिहिले.