फुकट शाळेतला तिसरा महिना

पॅरिसमध्ये ‘फोर्टी-टू’ नावाची प्रोग्रामिंगची शाळा आहे. झेव्हिए नील या दूरसंचार उद्योजकाने २०१३ साली स्वतःचे पैसे घालून ती काढली. फी नाही, पदवीची अट नाही, शिक्षक नाहीत, तासही नाहीत. इमारत चोवीस तास उघडी.

अशा शाळेबद्दल वाचलं की मला पहिला प्रश्न पडतो तो पोरं टिकतात कशी याचा. फी भरलेली असली की आईबापाने मोजलेला पैसा मुलाला वर्गात बांधून ठेवतो. फुकट शाळेत ती दोरी नसते. पहिले काही दिवस हुरूप असतो. मग पॉइंटर येतात, मेमरी येते, प्रोग्राम का कोसळतो ते कळेनासं होतं, आणि घरून फोन येतो, ‘कामाला कधी लागणार?’

फोर्टी-टूने प्रवेशालाच कस लावला आहे. चार आठवड्यांच्या या चाचणीला म्हणतात ‘पिसीन’, म्हणजे पोहण्याचा तलाव. रोज सी भाषेतले नवे प्रश्न, दर शुक्रवारी परीक्षा. तपासणारा प्रोग्राम इतका कडक की पहिल्या चुकीलाच थांबतो. पुढची उत्तरं बरोबर असली तरी मोजत नाही. फंक्शन पंचवीस ओळींपेक्षा लांब चालत नाही, आणि ‘फॉर’ लूपला चक्क बंदी, ‘व्हाइल’वरच भागवायचं.

पण खरी गंमत आहे ती आत गेल्यावर. आपलं काम तपासून घ्यायला एक गुण खर्चावा लागतो, आणि तो गुण मिळवायचा तर दुसऱ्याचं काम तपासावं लागतं. पहिल्या प्रकल्पात सी भाषेतली नेहमीची फंक्शन्स स्वतःच्या हाताने लिहायची असतात. तपासणीला दोघं एकाच पडद्यासमोर बसतात. शेजारचा विचारतो, ‘इथे रिकामी स्ट्रिंग दिली तर?’ ती देऊन पाहतात. पडद्यावर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’, म्हणजे प्रोग्राम कोसळला. सगळ्या प्रकल्पाला शून्य! पण तो प्रकल्प पुन्हा दाखल करता येतो, आणि नेमकं कुठे फसलं ते आता दोघांनाही कळलेलं असतं. माझ्या मते मुलांना धरून ठेवतं ते हेच. उद्या सकाळी आपल्यासाठी कुणीतरी खुर्ची ओढून बसणार आहे, हे माहीत असणंच पांघरुणातून उठवतं.

याच शाळेने आणलेली दुसरी युक्ती मला तितकी पटत नाही. तिचं नाव होतं ‘ब्लॅक होल’. प्रत्येकाच्या खात्यावर काही दिवस असत. प्रकल्प पुरा झाला की दिवस वाढत, दिवस संपले की शाळा संपली. ज्याची राहण्याखाण्याची सोय आहे त्याला ही टांगती तलवार पळवायची. रात्री हॉटेलात भांडी घासून येणाऱ्याला मात्र तीच कापायची. शाळा फुकट असली तरी पॅरिसमधलं घरभाडं फुकट नाही.

या बाबतीत चेन्नईची झोहो ही सॉफ्टवेअर कंपनी जास्त शहाणी वाटते. दोन दशकांपूर्वी सहा मुलांना घेऊन तिने आपली शाळा सुरू केली, पुढे तेनकाशीतही नेली. बारावी किंवा पदविका झालेली मुलं, दोन वर्षांचं शिक्षण, फी नाही आणि वर दरमहा दहा हजार रुपये विद्यावेतन. त्या पैशाने घरून येणाऱ्या फोनचा सूर बदलतो. पोरगं घरी चार पैसे पाठवायला लागलं की त्याला परत बोलावायची घाई कुणाला राहत नाही. पुढे मुलं कंपनीच्या खऱ्या कामावर बसतात, त्यामुळे हे शिकून काय होणार, असं विचारायची वेळच येत नाही.

पोटाची सोय झाली तरच मूल शाळेत टिकतं, हे आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांना फार आधी उमगलं होतं. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढून ते थांबले नाहीत. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह उघडलं. फळ्याइतकीच चुलीची काळजी घेतली, आणि ‘कमवा आणि शिका’ म्हणत मुलांच्या हाताला कामही दिलं. आश्रित म्हणून राहणारा मुलगा आणि आपल्या कष्टाची भाकरी खाणारा मुलगा यांच्या मानेच्या ताठपणात फरक पडतो.

आज कितीतरी गावांत मोफत कोडिंगचे वर्ग निघताहेत, आणि देणगीदार लॅपटॉप देताना फोटोही निघताहेत. तुम्ही त्या देणगीदारांपैकी असाल तर एक विनंती आहे. लॅपटॉप एक कमी द्या, पण दोन मुलांचा मेसचा आणि एसटीचा खर्च उचला. आणि उद्घाटनाला जमलं नाही तरी चालेल, पण पहिला हुरूप ओसरल्यावर, तिसऱ्या महिन्यात, एकदा वर्गावर जा. कोण यायचं थांबलंय ते विचारा, आणि त्याच्या घरी जाऊन या.