साठीनंतरचे सवंगडी : पाच व्हिडिओ गेम आणि एक कसोटी

व्हिडिओ गेम म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हाका मारूनही ताटावर न येणारा नातू उभा राहतो. हे खेळ मुलांचे, आणि आपले काम त्यांच्यावर रागावण्याचे, अशी वाटणी आपण मनाशी करून टाकलेली असते. मीही ती केली होती. चार वर्षांपूर्वी आईची स्मरणशक्ती क्षीण होऊ लागली आणि माझे घराबाहेर पडणे जवळजवळ थांबले. दुपारी तिचा डोळा लागला की तासभर मोकळा मिळे. पण कान तिच्या खोलीकडे लागलेले असताना पुस्तकात मन रमत नसे. तेव्हा भाच्याने टॅबलेटवर एक खेळ उतरवून दिला. त्रेसष्टाव्या वर्षी सुरू झालेली ही सवय आजही टिकून आहे.

अलीकडच्या काही महिन्यांत खेळलेल्या पाच खेळांविषयीचे माझे मत येथे मांडत आहे. आपण स्वतः ज्येष्ठ असाल किंवा घरातल्या ज्येष्ठांची शुश्रूषा करीत असाल, तर निवड करताना त्याचा उपयोग व्हावा. माझी कसोटी एकच आहे : खेळ बंद केल्यावर मन कसे असते? ताजेतवाने, शांत, की चिडचिडे आणि रिते?

टेट्रिस : जुना, प्रामाणिक

मॉस्कोतील अलेक्सेई पाजित्नोव या संगणकतज्ज्ञाने १९८४ मध्ये हा खेळ तयार केला. चार-चार चौकोनांचे सात आकार एकेक करून वरून खाली येतात. ते फिरवून अशा रीतीने बसवायचे की आडवी ओळ पूर्ण भरावी. भरलेली ओळ नाहीशी होते. नियम एवढाच. ज्याने आयुष्यभर फडताळात डबे बसवले आहेत, त्याला तो दोन मिनिटांत उमगतो.

टेट्रिसचा गुण असा की तो आपले सगळे लक्ष घेतो. खेळताना काळजीला शिरायला फट उरत नाही. दोषही त्यातच आहे. आकारांचा वेग वाढत जातो आणि शेवटी हार ठरलेली असते. बोटांत संधिवात असेल किंवा हात कापत असेल, तर हा वेग त्रासदायक होतो. मी तो दहा मिनिटे खेळते, संध्याकाळी, आणि वेग वाढू लागला की बंद करते. हरेपर्यंत खेळलेच पाहिजे, असे कोणी सांगितले आहे?

कँडी क्रश : गोड, पण मोजून

हा खेळ आपल्यापैकी अनेकांच्या मोबाइलवर असेल. २०१२ मध्ये आलेल्या या खेळात रंगीत गोळ्यांची अदलाबदल करून एकसारख्या तीन गोळ्या ओळीत आणायच्या असतात. बहुतेक पातळ्यांत घड्याळाची घाई नाही, चाली मोजलेल्या आहेत. त्यामुळे विचार करायला हवा तेवढा वेळ मिळतो. रंग ठळक, आकार निरनिराळे. नजर मंद झालेल्यांनाही तो जमतो.

तरीही माझ्या कसोटीवर तो पुरता उतरत नाही. यात आपल्याला पाच ‘जीव’ मिळतात. हरलो की एक जातो आणि तो परत यायला तीस मिनिटे लागतात. थांबायचे नसेल तर पैसे मोजायचे. म्हणजे आपण अगदी जिंकायच्या बेतात असताना दार लावले जाते आणि किल्ली विकायला ठेवली जाते. अशा वेळी टॅबलेट खाली ठेवला तरी मन तिथेच घुटमळत राहते. मी मात्र एक उपाय शोधला आहे : पाच जीव हीच दिवसाची मर्यादा. ते संपले की खेळ संपला. औषधाची गोळी मोजून घेतो, तशीच ही गोळीही मोजून घ्यावी.

अनपॅकिंग : खोक्यांतून उलगडणारे आयुष्य

ऑस्ट्रेलियातील विच बीम या छोट्या संस्थेने २०२१ मध्ये हा खेळ आणला. घर बदलल्यावर खोकी उघडून सामान लावणे, एवढेच त्यात करायचे असते. एका मुलीची १९९७ सालची लहानशी खोली आपण लावतो. मग २००४, २००७ असे करीत २०१८ पर्यंत तिची आठ बिऱ्हाडे आपल्या हातून लागतात. ती मुलगी पडद्यावर कधीही दिसत नाही. कोणत्या वस्तू तिने जपल्या आणि कोणत्या मागे सोडल्या, यावरून तिचे आयुष्य कळत जाते. २०१० मध्ये ती मित्राच्या घरी राहायला जाते. तिथे तिची पदवी लावायला भिंतीवर जागाच सापडत नाही. ती पलंगाखाली सरकवावी लागते. एक शब्दही न उच्चारता या खेळाने जे सांगितले, ते आपल्या पिढीतल्या कितीतरी जणींना ओळखीचे वाटेल.

यात वेळेचे बंधन नाही आणि हरणे नाही. चुकीच्या जागी ठेवलेल्या वस्तूभोवती शेवटी लाल रेघ दिसते. तीही नको असेल तर ‘कुठेही ठेवा’ अशी सोय निवडता येते. हा खेळ मी आईच्या शेजारी बसून खेळले. बोट कुठे ठेवायचे, हे तिला समजत नव्हते. पण वस्तू कुठे ठेवायची, हे तिला पक्के ठाऊक होते. “तो डबा वर नको गं ठेवूस, हाताशी राहू दे,” असे ती मला बजावत होती. सकाळी काय खाल्ले ते न आठवणारी माझी आई त्या अर्ध्या तासात पुन्हा घरची कर्ती बाई झाली होती.

वेन्बा : इडलीपात्रातली गोष्ट

कॅनडातील टोरांटोच्या विसाई गेम्सने २०२३ मध्ये प्रकाशित केलेला हा खेळ दीड-दोन तासांत संपतो. १९८०च्या दशकात तामिळनाडूतून कॅनडात गेलेल्या वेन्बा आणि पावलन या दांपत्याची ही कथा आहे. वेन्बाजवळ तिच्या आईची पाककृतींची वही आहे. पण ती ठिकठिकाणी फाटलेली, पुसट झालेली. गेलेल्या ओळींत काय असावे, हे ओळखून आपण पदार्थ सिद्धीस न्यायचा. पहिलाच पदार्थ इडली. इडलीपात्रातल्या ताटल्या कोणत्या क्रमाने रचल्या म्हणजे वाफ सगळ्यांना मिळेल, हे पडद्यावर सोडवताना मला हसू आले. कारण हे कोडे मी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सोडवले होते!

मुलगा परक्या देशात वाढतो, भाषेपासून आणि डब्यातल्या पदार्थांपासून दूर जाऊ लागतो, तेव्हा आईच्या मनाचे काय होते, ते या खेळात फार संयमाने दाखवले आहे. ज्यांची मुले परदेशी आहेत अशा वाचकांनी तो सुटीवर आलेल्या मुलांबरोबर, नातवंडांबरोबर खेळावा. चुकले तर पदार्थ पुन्हा करता येतो, सूचनाही मिळतात. खेळ संपल्यावर भाच्याने मला आमच्या घरच्या आमटीची कृती विचारली. मी सांगितली, त्याने लिहून घेतली. मला वाटते, खेळाचे याहून मोठे यश नसावे.

बिफोर आय फर्गेट : विसरणाऱ्याच्या डोळ्यांनी

आता ज्या खेळाने माझ्या घरात खरोखर काही बदलले, त्याविषयी. २०२० मध्ये आलेला हा खेळ अवघ्या तासाभराचा आहे. सुनीता नावाची विश्वाचा अभ्यास करणारी शास्त्रज्ञ आपल्याच घरात फिरते आहे आणि तिला अकाली जडलेल्या स्मृतिभ्रंशाने ते घर अनोळखी झाले आहे. आपण तिच्या डोळ्यांनी पाहतो. वस्तू फिकट, रंगहीन. एखादी आठवण लागली की तेवढ्या भागात रंग भरतो. पुढे एका प्रसंगी तिला शौचालयात जायचे असते. ती दार उघडते तर कपाट. दुसरे दार उघडते, पुन्हा तेच कपाट. जी गोष्ट आपल्याला दहा पावलांवर दिसते ती तिला सापडत नाही, आणि अखेर जे घडू नये ते घडते.

वाचकहो, त्या प्रसंगाला मी टॅबलेट नव्हे, भाच्याचा संगणक बंद करून आत जाऊन आईजवळ बसले. आदल्याच आठवड्यात तिचे कपडे ओले झाले होते आणि मी तिला म्हणाले होते, “अगं आई, सांगायचं तरी!” ती आळस करीत नव्हती की हट्ट, तिला दारच सापडले नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही न्हाणीघराचे दार पिवळ्या रंगाने रंगवले, त्यावर मोठे चित्र लावले आणि रात्री आतला दिवा चालू ठेवू लागलो. रात्रीची तिची घालमेल बरीच कमी झाली. चार वाजले की ती “घरी चल” म्हणते. पूर्वी मी “हेच तुझं घर” असे पटवत बसे. आता विचारते, “घरी कोण कोण आहे गं?” मग ती सांगत राहते आणि चहा होईपर्यंत मन निवते.

हा खेळ शुश्रूषा करणाऱ्यांसाठी आहे. ज्यांना विस्मरण सुरू झाले आहे, त्यांना तो दाखवू नये. चालताना दृश्य डोळ्यांसमोर फिरत असल्याने काहींना गरगरते. तसे झाल्यास लगेच थांबावे. आणि मन जड होईल, हे धरून चालावे.

खेळ म्हणजे औषध नव्हे

‘रोज पंधरा मिनिटे खेळा, स्मृतिभ्रंश टाळा’ अशा जाहिरातींपासून सावध राहावे. २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ल्युमॉसिटी या प्रसिद्ध ‘मेंदू-व्यायाम’ खेळांच्या कंपनीवर फसव्या दाव्यांचा ठपका ठेवला आणि कंपनीने वीस लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटवले. एखाद्या खेळाच्या सरावाने त्या खेळातले कौशल्य निश्चित वाढते. पण त्याने औषधाचा डबा कुठे ठेवला ते आठवेलच, असे नाही. विस्मरण वाढत असेल तर पहिली भेट डॉक्टरांची घ्यावी. चालणे, झोप, रक्तदाब आणि मधुमेहावरील नियंत्रण, कानाचे यंत्र लागत असल्यास ते वापरणे, आणि माणसांत मिसळणे यांची जागा पडदा घेऊ शकत नाही.

काही व्यवहाराच्या गोष्टी. टॅबलेट मांडीवर घेऊन मान वाकवण्यापेक्षा टेबलावर उभा करावा. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दूरवर पाहावे आणि उठून पाणी प्यावे. झोपण्यापूर्वीचा तास मोकळा ठेवावा. खेळ उतरवताना घरातल्या जाणत्या माणसाला जवळ बसवावे आणि बँकेचा तपशील खेळाला जोडू नये. पैसे लावून खेळायच्या रमीसारख्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला आहे; तशी आमिषे दाखवणारे संदेश सरळ पुसून टाकावेत.

जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या अनावर सवयीची आजार म्हणून नोंद केली आहे. थांबवता न येणे, इतर सर्व कामांपेक्षा खेळाला महत्त्व देणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही तिची लक्षणे. ती केवळ नातवातच शोधू नयेत.

पाचांपैकी एकच निवडायचा झाल्यास मी ‘अनपॅकिंग’ सुचवीन. तो मोबाइलवरही मिळतो. पण एकट्याने खेळू नये. शेजारी कोणाला तरी बसवावे आणि विचारावे, “ही किटली कुठे ठेवू?” उत्तर येईल, त्यामागून एखादी आठवण येईल. टॅबलेट बंद केल्यावरही ती गोष्ट चालू राहील.