घर विकताना शेजार

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात. घर विकण्याचा प्रसंग मात्र पुष्कळांवर उतारवयातच येतो. गुडघे जिना चढू देत नाहीत, मुले दूरच्या शहरी स्थायिक झालेली असतात किंवा पुढील औषधोपचारांसाठी हाती रक्कम हवी असते. मग तीस-पस्तीस वर्षांची वास्तू विकायला काढावी लागते. आपण भिंतींना रंग देतो, गळके नळ बदलतो, कागदपत्रे लावून ठेवतो. ग्राहक येतो, खोल्या त्याला पसंत पडतात. तरीही तो पुन्हा फिरकत नाही. अशा वेळी उणीव घरात शोधू नये. ती अनेकदा उंबऱ्याबाहेर असते.

घर पाहणारा माणूस आपल्या दारापर्यंत येतो तो सामाईक जिन्याने. तेथे रचलेली जुनी खोकी, चपलांचा ढीग, वाट अडवणारी सायकल, बंद दाराआडून येणारा भांडणाचा आवाज हे सारे त्याच्या मनात नोंदले जाते. खाली उतरल्यावर तो पहारेकऱ्याला किंवा शेजाऱ्याला सहज विचारतो, ‘इमारत कशी आहे?’ त्या उत्तराला दलालाच्या शब्दांपेक्षा अधिक वजन असते. दहा वर्षे अबोला धरलेला शेजारी तेथे काय सांगेल, याचा विचार आपण क्वचितच करतो.

म्हणून जाहिरात देण्यापूर्वी दोन-तीन महिने शेजाराकडे लक्ष द्यावे. आपण घर विकत आहोत ही वार्ता शेजाऱ्यांना आपल्याकडूनच कळावी. तक्रारीच्या सुरात न बोलता विनंती करावी : ‘रविवारी सकाळी माणसे घर पाहायला येणार आहेत, तेवढी खोकी आत घेता का?’ एवढ्याने बहुतेक माणसे ऐकतात. जिन्यातील पसारा हलवणे आपल्या प्रकृतीसाठीही हिताचे आहे. अंधाऱ्या जिन्यात अडखळून पडल्याने वृद्धांचे खुब्याचे हाड मोडण्याचा धोका असतो.

ओल आणि गळती हा शेजाऱ्यांमधील नित्याचा तंटा. वरच्या न्हाणीघराचे पाणी आपल्या छतातून झिरपत असेल, तर त्यावर रंग मारून घर दाखवण्याचा मोह टाळावा. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार, ग्राहकाला सामान्य दक्षता घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याला ठाऊक असेल, तर तो सांगणे त्याचे कर्तव्य आहे. शिवाय ओलीमुळे वाढणारी बुरशी दमेकऱ्यांना त्रासदायक ठरते. विक्री होईपर्यंत त्या खोलीत राहायचे आपल्यालाच असते. आदर्श उपविधींनुसार गच्चीतून येणाऱ्या पावसाच्या पाण्याची दुरुस्ती संस्थेने करायची असते, तर न्हाणीघरासारख्या अंतर्गत भागाची दुरुस्ती त्या त्या सभासदाने. दोष कोणाकडे आहे हे आधी नळकारागिराकडून तपासून घ्यावे आणि मगच वरच्या घरी जावे. शेजारी दाद देत नसेल तर संस्थेकडे लेखी अर्ज करून त्याची पोच घ्यावी. दुरुस्ती अर्धवट राहिली तरी ते कागद ग्राहकाला दाखवता येतात. दोष मान्य करून किंमत थोडी कमी करणे हे पुढे न्यायालयाची पायरी चढण्यापेक्षा बरे.

कधी वैर थेट संस्थेच्या कार्यकारिणीत बसलेले असते. ‘आमची ना हरकत मिळाल्याशिवाय विकून दाखवा’ असे ऐकवले जाते आणि वृद्ध मनुष्य धास्तावतो. येथे काही गोष्टी निश्चित ठाऊक असाव्यात. आदर्श उपविधींनुसार हस्तांतरणासाठी संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र आवश्यक नाही. हस्तांतरणाच्या हेतूची १५ दिवसांची सूचना मात्र द्यावी लागते. ग्राहकाचे बँककर्ज असल्यास बँक असे प्रमाणपत्र मागू शकते. तेव्हा रीतसर अर्ज करावा, म्हणजे कार्यकारिणीला त्याचा विचार करावाच लागतो. हस्तांतरण अधिमूल्याची महानगरपालिका क्षेत्रातील कमाल मर्यादा राज्य शासनाने २००१ साली २५,००० रुपये ठरवली. देणगीच्या नावाखाली त्यावर अधिक रक्कम मागता येत नाही. आपल्या बाजूने थकबाकी भरून पावती जवळ ठेवावी आणि भाग प्रमाणपत्रावरील नाव तपासावे. इतके केले की विरोधकाच्या हाती फारसे काही उरत नाही.

शेजारीच ग्राहक होण्याचा योगही येतो. दोन सदनिका जोडण्यासाठी किंवा मुलाच्या संसारासाठी त्याला आपले घर हवे असते. ओळखीचा माणूस, दलालीची बचत, हे सोयीचे खरे. परंतु ‘आपण घरचेच, भाव काय करायचा’ या वाक्यावर भुलू नये. ही रक्कम पुढील आयुष्याची शिदोरी आहे. परिसरातील किमान दोन ठिकाणी किंमत विचारावी, इसाराची रक्कम बँकेमार्फत व लेखी पावतीनेच घ्यावी आणि वकिलाने वाचल्याशिवाय कोणत्याही कागदावर, विशेषतः कुलमुखत्यारपत्रावर, सही करू नये. चांगला शेजारी याचा राग मानणार नाही.

आता काळजीवाहकांसाठी दोन शब्द. आई-वडील एकटे असताना अनोळखी माणसांना घर दाखवायला लावू नका. घर कधी रिकामे असते, किती रक्कम ठरली, दागिने कोठे आहेत, या गोष्टी जिन्यात बोलल्या जाऊ नयेत. वादाची बोलणी आपण करा, पण दूरध्वनीवरून शेजाऱ्याला दटावून नव्हे. आपण दुसऱ्या दिवशी निघून जाता, आई-वडिलांना मात्र त्याच जिन्याने भाजी आणायची असते. भांडणानंतर त्यांची झोप उडाली, रक्तदाब वाढला, जेवण घटले, तर विक्री पंधरा दिवस थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. ग्राहक पुन्हा मिळतो.

विक्री ठरण्यापूर्वी एक हिशेब आपण सर्वांनी मांडावा. आपल्या घराची जादा किल्ली कोणाकडे आहे? मध्यरात्री छातीत दुखले तर आपण कोणाचे दार ठोठावतो? दोन दिवस दूध बाहेर राहिले तर कोण चौकशी करते? ही नावे कागदावर लिहा. विक्रीखतात त्यांची किंमत कोठेही येत नाही, पण घराबरोबर आपण तेही सोडून जात असतो. नव्या ठिकाणी लिफ्ट असेल, उजेड असेल. ही तीन उत्तरे तेथे कोण देणार, हे जाण्याआधी ठरवावे. शक्य असल्यास तेथे आठवडाभर राहून पाहावे आणि डाव्या-उजव्या दारांशी ओळख करून घ्यावी.

आणि निघताना जुन्या शेजाऱ्यांकडे, अबोला असलेल्यांकडेही, एकदा जाऊन यावे. नव्या मालकाची त्यांच्याशी गाठ घालून द्यावी. त्याला नांदते घर मिळेल आणि आपल्याला नव्या जागी पहिल्या रात्री शांत झोप लागेल.